लिनक्स घातल्यावर पुन्हा पुन्हा सुरू होणारा लॅपटॉप : तपासाची रीत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार संपुष्टात आणला, आणि तिच्या जागी आलेल्या विंडोज ११ ने टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था व तुलनेने अलीकडचा प्रोसेसर यांची अट घातली. त्यामुळे ज्यांचे यंत्र उत्तम चालते आहे, परंतु केवळ वयामुळे या अटीत बसत नाही, अशा अनेकांपुढे ते यंत्र भंगारात काढावे की लिनक्स घालून आणखी काही वर्षे वापरावे, असा प्रश्न उभा राहिला. नाशिक जिल्ह्यातील सुरगाण्यासारख्या तालुक्यात, जेथे बहुतेक लॅपटॉप नाशिकहून वापरलेले म्हणून विकत घेतलेले, कोणा शिकून नोकरीस लागलेल्या थोरल्या भावाने धाकट्याला दिलेले, अथवा शाळेला देणगीदाखल मिळालेले असतात, तेथे या प्रश्नाचे दुसरे उत्तरच अधिक शहाणपणाचे आहे, असे माझे निश्चित मत आहे. लिनस टॉर्व्हल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली ज्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, घोषणा केली, त्यावर उभ्या राहिलेल्या उबुंटू, मिंट, डेबियन इत्यादी प्रणाली विनामूल्य मिळतात, त्यांच्या प्रती वाटण्यास कोणाची परवानगी लागत नाही, आणि त्यांतील हलक्या आवृत्त्या चार जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावरही समाधानकारक चालतात.

तथापि या स्थलांतरात एक अडचण वारंवार येते आणि नवख्या माणसाचे धैर्य तीच सर्वांत अधिक खचवते. लिनक्स घातले जाते, स्थापना पूर्ण झाल्याचा संदेशही दिसतो, परंतु यंत्र सुरू करावे तर कंपनीचे बोधचिन्ह येते, क्षणभर काळा पडदा दिसतो, पुन्हा बोधचिन्ह येते आणि हे चक्र थांबत नाही. किंवा पडदा नीट उघडतो, दहा-वीस मिनिटे काम होते आणि कसलीही पूर्वसूचना न देता यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. अशा वेळी सल्ला मागितला असता दहांपैकी नऊ जण एकच सांगतात : पुन्हा एकदा सगळे पुसून नव्याने घाला. हा सल्ला घाईने स्वीकारू नये, असे कळकळीने सांगण्यासाठीच प्रस्तुत लेख लिहिला आहे. फेरस्थापनेने रॅमचा दोष जात नाही, गरम होणारे यंत्र थंड होत नाही, ग्राफिक्स कार्डाशी गाभ्याचे न जुळणे दूर होत नाही. उलट ज्या नोंदींवरून कारण शोधता आले असते, त्या नोंदीच पुसल्या जातात आणि आपण पूर्वी होतो तेथेच, परंतु पुरावा गमावून, येऊन उभे राहतो.

पहिले कर्तव्य दुरुस्तीचे नसून संरक्षणाचे आहे. ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स घातले तिच्यावरूनच, स्थापना न करता, केवळ पाहण्यापुरती प्रणाली चालवता येते. यालाच लाइव्ह पद्धत म्हणतात. लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा, आतील डिस्क उघडून पाहावी, आणि विद्यार्थ्यांचे निकाल, घरचे फोटो, जातीच्या दाखल्याच्या व सातबाराच्या जपून ठेवलेल्या प्रती असे जे काही तेथे असेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे. एवढे झाले म्हणजे पुढील सर्व प्रयोग निर्भयपणे करता येतात.

यानंतर तक्रार नेमकी कोणती आहे ते निश्चित करावे, कारण 'सारखा रीस्टार्ट होतो' या एका वाक्याखाली परस्परांशी संबंध नसलेले चार प्रकार येतात. पहिला प्रकार असा : स्थापना संपल्यावर पेनड्राइव्ह काढून एंटर दाबा, अशी सूचना पडद्यावर येते. ती नजरेतून सुटली व पेनड्राइव्ह तशीच राहिली तर यंत्र दर खेपेस पुन्हा स्थापनेच्याच पडद्यावर जाते, आणि तेथे बिघाड असा काही नसतोच. दुसरा प्रकार असा की पासवर्ड दिल्यावर पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा पासवर्डाच्याच पडद्यावर येतो. येथे यंत्र पुन्हा सुरू झालेले नसते, केवळ कामाचा पडदा उघडण्यात अपयश आलेले असते, आणि त्याचे कारण बहुधा पूर्ण भरलेली डिस्क किंवा घरच्या फोल्डरातील एखाद्या फाइलीची बदललेली मालकी हे असते. तिसऱ्या प्रकारात यंत्र बंद पडते आणि बंदच राहते. तेथे उष्णता किंवा वीज यांचा संशय प्रथम घ्यावा. चौथा प्रकार खऱ्या पुनरारंभाचा, आणि यापुढील विवेचन मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

या चौथ्या प्रकारात सर्वांत मोलाची अशी एक परीक्षा आहे. तिला पैसा लागत नाही, ज्ञानही फारसे लागत नाही, तरी ती क्वचितच कोणी करतो. लॅपटॉप लाइव्ह पद्धतीने पेनड्राइव्हवरून सुरू करावा आणि तासभर तसाच वापरावा. एखादा व्हिडिओ लावावा, फायली उघडाव्या, त्याला थोडे कष्ट पडू द्यावे. याही स्थितीत तो आपोआप पुन्हा सुरू झाला तर डिस्कवर घातलेल्या प्रणालीचा त्यात काही अपराध नाही हे सिद्ध झाले, आणि संशय रॅम, वीज, उष्णता अथवा गाभ्याचे त्या यंत्राशी न जुळणे यांवर केंद्रित झाला. तासभर तो निर्वेध चालला तर यंत्राचे अवयव बहुतांशी निर्दोष ठरले आणि दोष स्थापनेत, डिस्कमध्ये किंवा प्रणाली सुरू करून देणाऱ्या व्यवस्थेत शोधावयाचा हे ठरले. एका तासात अर्धे क्षेत्र तपासातून वगळता येते, मग आरंभ येथूनच का करू नये?

यानंतर यंत्र कोणत्या टप्प्यावर कोसळते ते पाहावयाचे. डोंगरउतारावरील भातखाचरात पाणी टिकत नसेल तर शेतकरी खालच्या खाचरात उभा राहून तर्क करीत बसत नाही. वरच्या बांधापासून एकेक बांध तपासत तो खाली येतो आणि पाणी जेथवर आले तेथवरचे बांध शाबूत समजून पुढचा पाहतो. संगणकाच्या आरंभाचेही तसेच टप्पे आहेत. बटण दाबल्यावर प्रथम मदरबोर्डावरील फर्मवेअर जागे होऊन रॅम व इतर अवयव तपासते व बोधचिन्ह दाखवते. मग ते डिस्कवरील ग्रब नावाच्या कार्यक्रमाकडे कारभार सोपवते. ग्रब लिनक्सचा गाभा रॅममध्ये आणते. गाभा ग्राफिक्स, डिस्क, कीबोर्ड यांची ओळख पटवून घेतो. आणि शेवटी सिस्टिमडी हा व्यवस्थापक एकेक सेवा चालू करीत आपल्याला कामाच्या पडद्यापर्यंत आणतो. कोणत्या दोन टप्प्यांच्या मध्ये यंत्र कोसळले हे कळले की कारणांची यादी बरीच आखूड होते.

बोधचिन्ह दिसण्यापूर्वीच यंत्र पुन्हा सुरू होत असेल तर लिनक्सला बोल लावणे अन्यायाचे आहे, कारण तोवर लिनक्सची पाळीच आलेली नसते. चार्जर काढावा, बॅटरी काढता येण्यासारखी असेल तर तीही काढावी, आणि सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे म्हणजे आत साठलेला विद्युत्भार निघून जातो. नंतर मागील झाकण उघडून रॅमची पट्टी बाहेर काढावी, तिचे सोनेरी टोक कोरड्या मऊ कापडाने पुसावे आणि ती पुन्हा नीट बसवावी. पट्ट्या दोन असतील तर एकेक ठेवून पाहावे. इगतपुरी व पेठ यांच्याप्रमाणेच सुरगाणा हा अतिपर्जन्याचा तालुका असल्याने जून ते सप्टेंबर या काळात घरातील हवा सतत दमट असते, आणि महिनोन्महिने कपाटात पडून राहिलेल्या यंत्राच्या जोडांवर त्याचा परिणाम झालेला असणे मुळीच असंभवनीय नाही. रॅमची संपूर्ण परीक्षा करावयाची तर मेमटेस्ट८६ प्लस हा कार्यक्रम वापरावा. तो अनेक लिनक्स पेनड्राइव्हच्या मेनूतच असतो, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्या यूईएफआय या नव्या धर्तीच्या फर्मवेअर असलेल्या यंत्रांवर चालत नसत ती अडचण २०२२ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून दूर झाली आहे. एक फेरी निर्दोष गेली म्हणून थांबू नये, रात्रभर चालू द्यावे. उलट एक जरी लाल ओळ आली तरी ती पट्टी बदलण्यावाचून उपाय नाही, मग प्रणाली कोणतीही घाला.

बोधचिन्ह येते, परंतु ग्रबचा मेनू येत नाही आणि यंत्र फिरून बोधचिन्हाकडेच जाते, अशा वेळी फर्मवेअरला प्रणालीचा पत्ता सापडत नाही, किंवा सापडूनही ती सुरू करण्यास ते राजी नाही. एफ२, एफ१०, डिलीट अशा कंपनीपरत्वे बदलणाऱ्या कळीने फर्मवेअरच्या मांडणीत जावे आणि आरंभाच्या क्रमात लिनक्सचे नाव पहिले आहे ना ते पाहावे. पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू करून स्थापना केली आणि मांडणीत मात्र जुनी लेगसी पद्धत निवडलेली राहिली, तर असे हमखास होते. घड्याळ दर वेळी एखाद्या जुन्या तारखेवर जात असेल तर मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी संपली आहे असे समजावे. ती संपली की यंत्र विजेपासून पूर्ण तोडल्यावर मांडणीतले बदल विसरले जाऊ शकतात आणि आपण आज केलेली दुरुस्ती उद्या नाहीशी होते. सिक्युअर बूट ही व्यवस्था काही यंत्रांवर अडथळा आणते. विंडोज व लिनक्स दोन्ही ठेवलेल्या अनेक यंत्रांवर ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अद्ययावतीकरणानंतर लिनक्स सुरूच होईना. शिम या घटकाची एसबॅट पडताळणी अयशस्वी झाल्याचा संदेश येई आणि यंत्र बंद होई. असा संदेश दिसल्यास सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये जावे, प्रणाली अद्ययावत करावी आणि मग ते पुन्हा चालू करावे. मात्र विंडोजचा भाग बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर मांडणीत असा कोणताही बदल करण्यापूर्वी त्याची पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर उतरवून ठेवावी, अन्यथा विंडोजमधील सर्व सामग्रीवर पाणी सोडण्याची वेळ येऊ शकते.

आता ग्रबचा मेनू दिसल्यानंतर, म्हणजे गाभ्याच्या हाती कारभार गेल्यावर होणाऱ्या पुनरारंभाकडे वळू, कारण लिनक्स घातल्यानंतर नव्याने उद्भवणाऱ्या तक्रारींत हाच प्रकार विशेष आढळतो. मेनू आपोआप दिसत नसेल तर बोधचिन्ह गेल्याबरोबर एस्केप कळ एकदा दाबावी. जुन्या लेगसी यंत्रांवर शिफ्ट दाबून धरावी. लिनक्सच्या नावाच्या ओळीवर येऊन ई हे अक्षर दाबले की काही ओळींचा मजकूर उघडतो. त्यांत जी ओळ लिनक्स या शब्दाने सुरू होते तिच्या शेवटी बहुधा क्वाएट आणि स्प्लॅश हे दोन शब्द असतात. नोंदी लपवून चित्र दाखवावे एवढाच त्यांचा हेतू. ते खोडावे आणि एफ१० दाबावी. आता यंत्र काय करते आहे त्याच्या ओळी पडद्यावर वेगाने धावू लागतील. त्या डोळ्यांनी वाचणे अशक्य असते, म्हणून शेजारी मोबाइल धरून त्यांचे चित्रण करावे, आणि मग ते थांबवत थांबवत शेवटच्या दहा-पंधरा ओळी पाहाव्या. हजारो रुपयांच्या उपकरणांनी मिळाली नसती अशी साक्ष हे साधे चित्रण देते. येथे केलेला बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो, तेव्हा चूक झाली तरी भिण्याचे कारण नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की सर्व पूर्ववत.

या ओळी वाचताना एक भेद ध्यानी घ्यावा. गाभ्याला स्वतःला ओळखता आलेली गंभीर चूक घडली तर तो कर्नल पॅनिक असे लिहून बहुधा तेथेच थांबतो, आणि अनेक लॅपटॉपांवर कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकू लागतो. याउलट एकही शब्द न उमटता पडदा एकाएकी काळा होऊन बोधचिन्ह आले तर प्रोसेसरलाच पुढे जाणे अशक्य होऊन त्याने स्वतःला मूळ स्थितीत नेले, किंवा विजेचा अथवा अवयवाचा धक्का बसला, असे अनुमान निघते. पहिल्या प्रकारात पडद्यावरील शब्दच मार्ग दाखवतात. मूळ फाइलप्रणाली सापडत नाही अशा अर्थाचा मजकूर असेल तर स्थापना मध्येच तुटली असण्याचा संभव मोठा, आणि येथे फेरस्थापना खरोखर योग्य ठरते. दुसऱ्या प्रकारात प्रयोग करावे लागतात.

पहिला प्रयोग ग्राफिक्सचा. वर सांगितल्याप्रमाणे तीच ओळ उघडून तिच्या शेवटी एक जागा सोडून नो, मोड, सेट हे तीन इंग्रजी शब्द लहान रोमन लिपीत सलग, मध्ये जागा न सोडता लिहावे आणि एफ१० दाबावी. गाभ्याने ग्राफिक्स कार्डाचा ताबा घेऊ नये, फर्मवेअरने दिलेल्या साध्या पडद्यावर काम चालवावे, असा या सूचनेचा अर्थ. मिंटच्या पेनड्राइव्हवरील कंपॅटिबिलिटी मोड हा पर्यायही मुख्यतः हेच करतो. यंत्र अशा रीतीने सुरळीत उघडले तर कारण सापडले. विशेषतः एनव्हिडियाचे स्वतंत्र कार्ड असलेल्या लॅपटॉपांवर नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर कित्येकदा अडखळतो, अशा वेळी मिंटमधील ड्रायव्हर मॅनेजर किंवा उबुंटूतील अॅडिशनल ड्रायव्हर्स यांतून शिफारस केलेला ड्रायव्हर घालावा आणि मग ती सूचना न देता यंत्र सुरू करून पाहावे. त्याच सूचनेवर कायम राहणे इष्ट नव्हे, कारण तिने पडदा मंद व अनेकदा अस्पष्ट होतो.

हा प्रयोग निष्फळ ठरला तर मेनूतील अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडून आधीच्या क्रमांकाचा गाभा असल्यास तो निवडावा. स्थापनेच्या दिवशी यंत्र चालले आणि पहिले अद्ययावतीकरण होताच फेऱ्यात सापडले, तर जुना गाभा निवडल्याबरोबर त्याचे कारण उघड होते. त्यापुढचा प्रयोग एसीपीआय या ऊर्जाव्यवस्थापनाचा : एसीपीआय, बरोबरचे चिन्ह आणि ऑफ एवढे सलग लिहून पाहावे. यंत्र चालू झाले तर दोष फर्मवेअर व गाभा यांच्यातील ऊर्जाविषयक बोलाचालीत आहे हे कळते. पण ही सूचना निदानापुरतीच ठेवावी, कारण तिने बॅटरीची माहिती, पंख्याचे नियंत्रण व काही यंत्रांवर प्रोसेसरचे इतर कोअरही बंद पडतात. कायमचा उपाय बहुधा कंपनीने दिलेली फर्मवेअरची नवी आवृत्ती हा असतो. ती घालताना बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर जोडलेला असावा, आणि पावसाळी वादळाच्या दिवशी ते काम मुळीच हाती घेऊ नये. अर्ध्यावर वीज गेली तर यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. बे ट्रेल वर्गातील अॅटम व सेलेरॉन प्रोसेसर असलेले २०१४ च्या सुमाराचे स्वस्त लॅपटॉप रिकामे बसले असता गोठतात, ही लिनक्सच्या जगात सुपरिचित तक्रार आहे. त्यांवर इंटेल, अंडरस्कोर, आयडल, टिंब, मॅक्स, अंडरस्कोर, सीस्टेट, बरोबरचे चिन्ह आणि १ हा अंक, सर्व लहान रोमन लिपीत व सलग, अशी सूचना गुणकारी ठरते. बॅटरी थोडी लवकर संपते, एवढी किंमत द्यावी लागते.

जी सूचना उपयोगी ठरेल ती कायम करण्यासाठी उबुंटू, मिंट व डेबियन यांत ईटीसी फोल्डरातील डीफॉल्ट या उपफोल्डरात ग्रब नावाची फाइल असते. तिच्यात क्वाएट व स्प्लॅश हे शब्द ज्या अवतरणचिन्हांत आहेत त्यांतच ती लिहावी आणि टर्मिनलमध्ये सुडो, मग जागा, मग अपडेट-ग्रब असा हुकूम द्यावा. एका वेळी एकच बदल करावा आणि केलेला बदल वहीत तारखेसह लिहावा. चार सूचना एकदम घालून यंत्र चालू झाले तर कोणती लागू पडली हे कधीच कळत नाही, आणि उरलेल्या तीन वर्षानुवर्षे विनाकारण तशाच राहतात.

कामाचा पडदा उघडल्यानंतर काही काळाने होणारा पुनरारंभ हा वेगळा विषय आहे, कारण तेथे प्रणालीने स्वतः लिहिलेला रोजनामा आपल्या हाती असतो. टर्मिनल उघडून सुडो हा शब्द, मग जर्नल या इंग्रजी शब्दाला सी, टी, एल ही अक्षरे जोडून झालेला शब्द, मग आडवी रेघ व बी, मग आडवी रेघ व १, असे प्रत्येकात एक जागा सोडून लिहिले असता मागील वेळचा, म्हणजे कोसळण्यापूर्वीचा, संपूर्ण वृत्तान्त उघडतो. शिफ्ट धरून जी दाबले की त्याच्या शेवटास जाता येते. शेवटी एकेक सेवा क्रमाने थांबवल्याच्या नोंदी असतील तर कोणा कार्यक्रमानेच यंत्र पुन्हा सुरू करण्याची आज्ञा दिली होती. कोणत्याही निरोपाविना, एखादी क्षुल्लक नोंद चालू असतानाच रोजनामा तुटलेला असेल तर प्रणालीला काही कळण्यापूर्वीच तिच्याखालचा आधार निघाला. म्हणजे वीज, रॅम, उष्णता किंवा मदरबोर्ड. तापमान धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेल्याची किंवा हार्डवेअर एरर अशी नोंद असेल तर प्रश्नच मिटला. यंत्र पडद्यापर्यंत पोहोचतच नसेल तर पेनड्राइव्हवरून आतील डिस्क उघडून व्हार, लॉग व जर्नल या क्रमाने आत असलेले फोल्डर पाहावे. त्या वेळच्या नोंदीच तेथे नसतील तर डिस्क लिहिण्यासाठी उघडण्याआधीच यंत्र कोसळले, आणि हेही ज्ञान उपयोगाचे आहे.

उष्णतेविषयी थोडक्यात सांगतो. वापरलेल्या लॅपटॉपच्या पंख्यात वर्षानुवर्षांची धूळ असते आणि प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळलेला असतो. पंखा ब्रशने साफ करणे व लेप नवा लावणे यांना फारसा खर्च येत नाही. विजेविषयी मात्र सविस्तर सांगणे अवश्य आहे. पावसाळ्यात झाडाच्या फांद्या तारांवर येऊन क्षणभर वीज जाणे आणि परत येणे हे बाऱ्हे, उंबरठाण, बोरगाव अशा डोंगराळ भागातील गावांना नवीन नाही. ज्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे आणि जो केवळ चार्जरवर चालतो, त्याला असा निमिषभराचा खंडही पुरतो. तो बंद पडतो, आणि वीज येताच सुरू व्हावे अशी मांडणी त्याच्या फर्मवेअरमध्ये असेल तर आपोआप पुन्हा उठतो. पाहणाऱ्यास वाटते, लिनक्सच बिघडले. पूर्वी त्याच यंत्रावर विंडोज असताना बॅटरी जिवंत होती आणि आता ती मेली आहे, हा योगायोग कोणी ध्यानात घेत नाही. दुसरे कारण अपुऱ्या क्षमतेच्या चार्जरचे : ६५ वॉटची गरज असलेल्या यंत्राला ४५ वॉटचा चार्जर जोडला तर ते शांत असताना चालते आणि काम वाढताच कोसळू शकते. चार्जरवर छापलेले व्होल्ट व अँपिअर लॅपटॉपच्या तळाशी लिहिलेल्या आकड्यांशी ताडून पाहावे. व्होल्ट तेच हवेत. अँपिअर अधिक चालतील, कमी चालणार नाहीत. चांगल्या बॅटरीवर, चार्जर काढून, यंत्र तासभर चालवले आणि ते एकदाही कोसळले नाही, तर चार्जर किंवा घरातील वीज यांकडे बोट दाखवण्यास आधार मिळतो. आणि स्थापना चालू असताना वीज गेली असेल तर ती स्थापना अपूर्ण समजून नव्याने करावी. येथे चिकाटीने दुरुस्ती करीत बसणे वेळेचा अपव्यय आहे.

पेनड्राइव्हच्या सत्यतेचा मुद्दाही येथेच आला पाहिजे. मिंटची फाइल सुमारे तीन जीबीची आणि उबुंटूची त्याच्या जवळजवळ दुप्पट असते. मोबाइलच्या अशक्त जाळ्यावर ती उतरवताना तुटणे, आणि मग तीच तुटकी प्रत एका मित्राकडून दुसऱ्याकडे जाणे, हे सहज घडते. मूळ संकेतस्थळावर प्रत्येक फाइलीचा एसएचए२५६ पडताळा, म्हणजे चौसष्ट अक्षरांकांची एक ओळ, दिलेला असतो. आपल्या फाइलीचा पडताळा काढून त्या ओळीशी ताडावा. एक अक्षर जरी वेगळे निघाले तरी ती फाइल टाकून द्यावी. माझी अशी सूचना आहे की एखाद्या शाळेने किंवा वाचनालयाने नाशिकच्या चांगल्या जोडणीवरून एक प्रत उतरवून, तिचा पडताळा करून, ती तालुक्यातील सर्वांसाठी ठेवावी. अशी प्रत वाटण्यात कायद्याचा भंग होत नाही.

लिनक्ससोबत विंडोज ठेवणाऱ्यांपैकी काहींचे विंडोजच या फेऱ्यात सापडते. स्थापनेच्या वेळी डिस्क दिसत नाही म्हणून फर्मवेअरमध्ये डिस्क हाताळण्याची इंटेल आरएसटी अथवा रेड पद्धत बदलून एएचसीआय केली जाते. लिनक्स त्यावर उत्तम चालते. पण विंडोजला त्या बदलाची कल्पना नसते, आणि ते निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा सुरू होते. पद्धत पूर्ववत करावी, विंडोजला पुढील आरंभ सेफ मोडमध्ये करण्यास सांगावे, मग एएचसीआय निवडून एकदा सेफ मोडमध्ये आणि नंतर नेहमीप्रमाणे सुरू करावे. बहुतेक यंत्रांवर एवढ्याने काम भागते.

एवढे करूनही कारण न सापडल्यास जाणत्याची मदत घ्यावी. नाशिकला जाऊन यायचे म्हणजे सुरगाण्याच्या माणसाचा दिवस मोडतो, तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नये. लॅपटॉपचे पूर्ण मॉडेल, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कोणते, प्रणालीचे नाव व आवृत्ती, कोणत्या टप्प्यावर यंत्र कोसळते, लाइव्ह पद्धतीत काय घडले, मेमटेस्टचा निकाल, आणि मोबाइलवरील चित्रण, एवढे बरोबर असावे. प्रणाली मराठीत वापरणे मला अतिशय प्रिय आहे, परंतु मदत मागताना चूक दाखवणारे संदेश इंग्रजीत जसेच्या तसे उतरवून द्यावे. शोधणाऱ्याला तेच शब्द लागतात. ज्याला टर्मिनलचीच भीती वाटते त्याने मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम पाहावा. लिनक्सचे प्राथमिक पाठ तेथे मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात आणि ते एकदा उतरवून घेतले की जाळ्यावाचूनही पाहता येतात.

यंत्र ताळ्यावर आले की त्याच दिवशी टाइमशिफ्ट या कार्यक्रमाने प्रणालीची एक प्रत, शक्य असल्यास बाहेरच्या डिस्कवर, घेऊन ठेवावी. मिंटमध्ये तो आधीच असतो, उबुंटूत घालावा लागतो. पुढील दोन आठवडे जुना गाभा काढू नये, आणि रोजनामा दर दोन-तीन दिवसांनी उघडून हार्डवेअर एरर किंवा तापमान यांची नोंद आली आहे का ते पाहावे. ती पुन्हा येऊ लागली, आणि रॅम, चार्जर, बॅटरी, पंखा हे सर्व तपासून झाले असेल, तर दोष बहुधा मदरबोर्डाचा आहे. जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलण्यात पैसे घालू नयेत, डिस्क व रॅम काढून घेऊन दुसऱ्या यंत्रास वापराव्या. लिनक्स असलेली ती डिस्क दुसऱ्या लॅपटॉपात बसवली असता, आरंभाची पद्धत दोन्हींकडे सारखी असेल तर, बहुधा फेरस्थापनेवाचून तशीच सुरू होते.